बगळा, सर आणि शनिवारची मुदत

आमच्या घरी गरम पोहे खायची पद्धत बंद पडून बराच काळ झाला. बशी टेबलावर आली की आधी मी खुर्चीवर चढते, खिडकीचा पडदा अर्धा ओढते, लिंबाची फोड इकडची तिकडे करते आणि मग फोटो निघतो. तोवर आमचे हे हात मांडीवर ठेवून, लांबलेल्या आरतीत प्रसादाची वाट पाहणाऱ्या माणसासारखे बसलेले असतात. एकदा त्यांनी विचारलं, "आज विषय काय आहे?"

मी म्हटलं, "वाफ."

"मग लवकर काढ. विषय उडून चाललाय."

या वेडाचं मूळ एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. दर सोमवारी सकाळी तिथे एक विषय येतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यावर एक फोटो पाठवायचा, रविवारी निकाल. बक्षीस म्हणाल तर काहीही नाही. ज्याचा फोटो निवडला जाईल त्याने पुढच्या आठवड्याचा विषय द्यायचा आणि परीक्षक व्हायचं, एवढाच मान. पण त्या मानासाठी माणसं काय काय करतात ते सांगितलं तर तुम्ही आमच्यातल्या कुणाशी सोयरीक जोडणार नाही. नागपूरची एक दातांची डॉक्टर पेशंटला 'आ' करून तसंच बसायला सांगून खिडकीतली खार टिपायला गेली होती. मस्कतला नोकरी करणारा एक कोल्हापूरकर कोणत्याही विषयात उंट बसवतो. 'आई' या विषयालाही त्याने उंटच पाठवला, आणि खोटं कशाला बोलू, ती उंटीण फार मायाळू दिसत होती.

ग्रुप चालवतात सांगलीच्या मावशी. सगळेच त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आजोबासुद्धा. ग्रुप मैत्रीचा, पण शिस्त मावशींची. फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा. आणि कात्री बंद! म्हणजे फोटो जसा निघाला तसाच पाठवायचा, कडेला नको ते आलं म्हणून कापून टाकायचं नाही. "घरात नको तो पाहुणा आला तर कापून काढता का?" असं मावशींचं त्यावर म्हणणं. सगळे फोटो त्यांच्याकडे जातात आणि रविवारी सकाळी त्या ते नाव न घालता, नुसता क्रमांक देऊन ग्रुपवर लावतात. मग प्रत्येकाने फोटोखाली एक फूल आणि एक काटा ठेवायचा. फूल म्हणजे काय आवडलं, काटा म्हणजे काय खटकलं. नुसतीच फुलं उधळणाऱ्याला मावशी स्वतः फोन करून विचारतात, "तब्येत बरी आहे ना?"

मला या ग्रुपवर फुलं कमी आणि काटे भरपूर. माझ्या फोटोत जग नेहमी डावीकडे कलतं. समुद्र काढला तर वाटतं आता सगळं पाणी डाव्या बाजूने सांडणार. लोक नाव नसतानाही माझा फोटो ओळखतात आणि फूल म्हणून लिहितात, 'प्रयत्न आवडला.' मराठी भाषेत याहून अपमानकारक वाक्य नसेल. माझा फोटो कधी म्हणजे कधीच निवडला गेला नव्हता. पण विषय मी मनात तयार करून ठेवला होता, निवड झाल्यावर करायचं छोटंसं भाषणही. ते मी अधूनमधून आरशासमोर म्हणून पाहायची, पदर सावरण्याच्या जागेसकट.

मला या ग्रुपवर आणलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांनी. सर पनवेलच्या एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या फोटोत जग कधीही कलत नाही. कलायची हिंमतच होत नसावी. ते वारंवार निवडले जातात आणि निवडले गेले की जिन्यात भेटल्यावर अगदी साधेपणाने म्हणतात, "झालं आपलं काहीतरी." मी सांगतेय त्या आठवड्यातही परीक्षक तेच होते. सोमवारी सकाळी त्यांचा विषय आला: तोल.

सरांच्या पत्नीला मी ताई म्हणते. ताईही ग्रुपवर होत्या, पण फोटो कधी पाठवत नसत. सगळ्यांचे फोटो बघायच्या आणि मावशींचा फोन येऊ नये म्हणून काटा एकच ठेवायच्या: 'फोटो लहान वाटला.'

आता ताईंच्या स्कूटरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं नाटक तिच्याभोवतीचं आहे. अख्ख्या पनवेलला माहीत असलेलं चित्र म्हणजे ताई पुढे, हँडलला भाजीची पिशवी, आणि मागे सर, मांडीवर छत्री आडवी. सरांना स्कूटर येत नव्हती. फार पूर्वी एकदा त्यांनी ती चालवायचा प्रयत्न केला होता. सोसायटीच्या गणपतीचा मांडव त्यांनी समोरून आत शिरून मागून बाहेर पडत पार केला. मूर्ती यायची होती म्हणून निभावलं. सरांचं मनगट मोडलं, आणि ताईंनी सगळ्या सोसायटीसमोर जाहीर केलं, "या जन्मात तुम्ही हिला हात लावायचा नाही." सरांनी पुढे कधी तिचा आरसासुद्धा पुसला नाही.

मग ताईंना एका डोळ्याने कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी स्कूटर बंद सांगितली. ताईंनी ते फार शांतपणे घेतलं, आणि तेच मला आवडलं नाही. दर गुरुवारी त्या खारघरला मैत्रिणींकडे कॅरम खेळायला जायच्या. जिंकून आल्या की खाली गेटपासून हॉर्न वाजवत यायच्या. ते बंद झालं. रिक्षाने जा म्हटलं तर म्हणायच्या, "आता कोण जातंय एवढं!" आणि मेथी निवडत बसायच्या. एवढी मेथी त्या घरात पूर्वी कधीच लागली नव्हती. शेवटी त्यांनी स्कूटर द्यायचं ठरवलं. कामोठ्यात शिकवण्या घेणारी त्यांची एक मावसबहीण होती, ती पुढच्या बुधवारी येऊन गाडी घेऊन जाणार होती.

मी आपली 'तोल' शोधत फिरत होते. घरात सांडशीवर अंडं ठेवून पाहिलं, ते खाली आलं. आमच्या यांना एका पायावर उभं केलं, तेही खाली आले. गुरुवारी सकाळी मी उलव्याला गेले. माझ्या भाच्याने तिथे घर घेतलंय आणि फरशीवाला आला की नाही ते बघायचं काम माझ्याकडे होतं. फरशीवाला आलेला नव्हता. मग मी मोबाइल काढून पुढच्या रस्त्याने निघाले. उलव्याचे ते रस्ते तुम्ही पाहिले असतील: ऐसपैस, नवेकोरे, दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, आणि मधेच कुठेतरी उरलेलं पाण्याचं डबकं, जिथे बगळ्यांना अजून कोणी काही कळवलेलं नाही.

रस्त्याच्या कडेला सिमेंटचा एक भलामोठा पाइप पडलेला होता. त्यावर एक बगळा, एका पायावर, मान आत ओढून. मी श्वास रोखला. बूड टेकून रस्त्यावर बसले, बसता बसता ड्रेस कशात तरी अडकून टर्र आवाज आला, तरी हलले नाही. मोबाइल सरळ धरला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर सरळ होता. आणि बोट दाबणार तेवढ्यात बगळ्याच्या मागे, रस्त्याच्या वळणावरून, एक लाल स्कूटर आली.

स्कूटरवर एक माणूस होता. दोन्ही पाय वल्ह्यांसारखे बाहेर काढलेले, कोपरं खांद्याच्या रेषेत, हेल्मेट नाकावर आलेलं, तोंड पूर्ण उघडं. स्कूटर एकीकडे कलली होती आणि तो दुसरीकडे. बगळ्याने एक डोळा उघडून मान किंचित वळवली आणि त्या माणसाकडे असं काही पाहिलं की काय सांगू! एका पायावर शांत उभा असलेला तो, आणि दोन पाय, दोन हात, दोन चाकं असूनही कोसळत आलेला हा. मी बोट दाबलं.

फोटो बघून मी रस्त्यावरच बसून हसले. मग दोन बोटांनी तो मोठा केला आणि हसू थांबलं. हेल्मेटखाली आमचे सर होते.

पाठोपाठ एक बाई धावत आली. ओढणी कमरेला बांधलेली, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. "सर! पाय वर घ्या, पाय वर! नाय पडत तुमी! आणि तो बगला कशाला बघताव, रस्ता बघा ना!"

पलीकडे पाच-सहा बायका हेल्मेटं घालून रांगेत उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. तो बायकांचा स्कूटर शिकण्याचा वर्ग होता, लाल गाडीही वर्गाचीच. उलव्याजवळच्या गावातलीच ती शिकवणारी. तिच्या वर्गात पुरुष फक्त एक, आणि तो माझ्यासमोर ब्रेकऐवजी हॉर्न दाबत येऊन थांबला.

"वहिनी?" सर म्हणाले.

"सर?" मी म्हणाले.

"वलखीच्या हायत का?" शिकवणारीने विचारलं. "मग सांगा यांना जरा. डोक्यात आकडे लई करतात. वलनावर गाडी वाकवा सांगते, तर मला विचारतात किती अंशात!"

सरांनी मला पाइपाच्या आडोशाला नेलं. बगळा उडून गेला. सर घामाने निथळत होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं. ताईंच्या नकळत शिकाऊ परवाना काढला होता. रोज सकाळी 'फोटो काढायला जातो' म्हणून घरातून निघायचे, वर्ग करायचे आणि परतताना पुरावा म्हणून एखाद्या बगळ्याचा फोटो काढून न्यायचे. ("रोज बगळेच का हो?" असं ताई विचारायलाही लागल्या होत्या.) मंगळवारी आरटीओची परीक्षा. बुधवारी स्कूटर जाणार. मधल्या एवढ्याशा फटीतून त्यांना निसटायचं होतं. मंगळवारी परवाना हातात घेऊन ताईंपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, आता तू मागे बस.

"आधी कळलं तर ती बुधवारची वाट बघणार नाही," सर म्हणाले. "त्याच दिवशी बहिणीला बोलावून देऊन टाकेल. माझं हाड मोडलं तेव्हा तिने काय सोसलं ते तुम्ही पाहिलंय. आणि परवाना नसताना तिला काय सांगू? प्रयत्न चालू आहेत?"

"नाही कळणार," मी म्हटलं. "मी काय सांगायला जातेय!"

"तुम्ही फोटो काढलात."

मी मोबाइल पाठीमागे धरला.

"बघू."

मी मोबाइल दिला. सरांनी हेल्मेट वर सरकवलं, डोळे बारीक केले आणि कितीतरी वेळ त्या फोटोकडे पाहत राहिले. आता हे विनवणार, हात जोडणार, अशा तयारीत मी होते. कुठला चेहरा करून नकार द्यायचा आणि कुठला चेहरा करून विरघळायचं हेही ठरवत होते.

"वहिनी," सर म्हणाले, "क्षितिज सरळ आलंय."

"हो ना!"

"बगळ्याची मान आणि माझं कोपर, समांतर आहेत."

"मला ते कळलं नव्हतं, पण आहेत खरी!"

"उजवीकडे थोडी जागा जास्त सुटलीय. तेवढा एकच काटा." त्यांनी मोबाइल परत दिला, आणि मग एकदम आठवल्यासारखं खालच्या आवाजात म्हणाले, "हा फोटो तुम्ही पाठवलात तर मला तो निवडावाच लागेल. दुसरा मार्ग नाही. आणि रविवारी सकाळी ती तो बघेल."

पाठवू नका, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

घरी येऊन मी तो फोटो आमच्या यांना दाखवला. ते इतके हसले की चहा नाकातून आला. मग म्हणाले, "कडेचं कापून नुसता बगळा पाठव."

"कात्री बंद आहे."

"कोणाला कळतंय?"

"मला कळेल. आणि सरांशिवाय त्यात उरतंय काय? पनवेल-उरण पट्ट्यात बगळ्याचा फोटो कोणाकडे नाही?"

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा त्या पाइपाशी गेले, न जाणो बगळा दुसरं काही करून दाखवेल म्हणून. पाइपावर एक कुत्रा झोपला होता. त्याचा तोल उत्तम होता, पण त्यात गंमत नव्हती. सर लांबवर गोल गोल फिरत होते आणि वाऱ्यावर फक्त एकच आवाज येत होता: "पाय वर!"

मग मी मावशींना फोन लावला. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून गोल बोलले. "मावशी, समजा एखाद्याचा फोटो तयार आहे, पण तो मंगळवारनंतरच दाखवता येईल अशी अडचण आहे..."

"शनिवार म्हणजे शनिवार."

"मावशी, आयुष्यातला एकमेव सरळ फोटो आहे हो!"

"मग फ्रेम करून भिंतीला लाव. शनिवार म्हणजे शनिवार. तब्येत बरी आहे ना?"

शनिवारी संध्याकाळी मी खिडकीत बसले होते. खाली पार्किंगमध्ये ताईंची स्कूटर कव्हर घालून उभी होती. माझा अंगठा पाठवायच्या बटणावर होता. माझ्या डोळ्यांसमोर निकाल होता, भाषण होतं, सबंध ग्रुपची फुलं होती, मस्कतचा उंट माझ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. आणि तेवढ्यात जिन्यात सरांची पावलं वाजली. आमच्या दाराशी ती थबकली. मी वाट पाहिली. बेल वाजली नाही. पावलं पुन्हा वर निघून गेली.

मी फोनला एक सणसणीत शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, आणि स्वयंपाकघरात गेले. पेल्याच्या काठावर चमचा आडवा ठेवला, फोटो काढला आणि पाठवून दिला. चमचा सरळ होता, पेला डावीकडे कलला होता. आमचे हे म्हणाले, "कर्णाचं दान म्हणतात ते हेच." मी त्यांना त्या दिवशी जेवण गरम वाढलं.

रविवारी सकाळी मावशींनी फोटो लावले. माझ्या चमच्याखाली भराभर काटे जमले. सरांनीही परीक्षक म्हणून लिहिलं, 'कल्पना जुनी, मांडणी घाईची.' मी ते वाचून सोफ्यावर आडवी पडले. ज्याच्यासाठी मी सर्वस्व सोडलं, त्याने कृतज्ञता म्हणून एक 'प्रयत्न आवडला' तरी लिहावं की नाही? पण नाही! भूमिती म्हणजे भूमिती!

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात सरच. मी तोंड उघडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून मिटलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा फोटो बघितलात?"

मी स्वतःच्या चमच्याच्या दुःखात पुढचे फोटो पाहिलेच नव्हते. फोटो आमच्याच पार्किंगमधला होता. कव्हर अर्धं काढलेलं, स्कूटर मधल्या स्टँडवर उभी, मागचं चाक जमिनीपासून जरा वर. फोटो थोडा हललेला होता. खाली ओळ होती: 'हिच्यावर माझा तोल कधी गेला नाही. आता ही स्टँडवर, आणि मीही.'

नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती.

सर सोफ्याच्या कडेवर बसले. "मला वाटत होतं, तिला ती गाडी आता डोळ्यांसमोर नकोय," ते म्हणाले. "तिने माझ्याजवळ एक शब्द काढला नाही. ग्रुपवर टाकलं. नाव नसतं म्हणून."

"मग आता?"

"मंगळवारपर्यंत हे असंच ठेवायचं? दोन दिवस तिला असंच बसू द्यायचं?" त्यांनी टक्कल चोळलं. "पण सांगायला गेलो तर सुरुवात कुठून करू? तुम्ही वर चला. तो फोटो घेऊन चला."

अशी आमची वरात वर गेली. ताई अर्थातच मेथी निवडत होत्या. सरांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल ताईंच्या हातात दिला आणि नाटकात पडदा उघडताना बाजूला होतात तशी बाजूला झाले.

ताईंनी चष्मा नीट केला, फोटो चांगल्या डोळ्याजवळ नेला. "अगंबाई, बगळा किती छान! आणि मागे हा कोण बावळट..." त्या थांबल्या. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. घरात कुकरची शिट्टीसुद्धा जरा जपून झाली.

"अहो!"

"मंगळवारी परीक्षा आहे," सर एका दमात म्हणाले. "शिकाऊ परवाना आहे. वर्ग लावलाय. पडलो नाही. म्हणजे एकदाच पडलो, पण वाळूत. तू ती देऊ नकोस. तुला गुरुवारी खारघरला मी नेईन."

मला वाटलं, आता ताई फोन उचलून बहिणीला बोलावतात. त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला, मेथीची जुडी बाजूला सरकवली आणि डोळ्यांना पदर लावला. सर हात पुढे करून अर्धवट उठले. आणि मग आमच्या लक्षात आलं की ताई हसतायत. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, खुर्चीचा हात धरून.

"पाय का बाहेर काढलेत असे?" शेवटी त्यांना बोलता आलं. "पोहताय का?"

"तोल राहावा म्हणून."

"पाय बाहेर काढलेत म्हणूनच जातोय तो! आणि हे कोपर बघा. गाडी धरलीय की बैल? कोण शिकवतंय तुम्हाला?" हसू ओसरलं आणि त्या एकदम रागावल्या. "घरात बायको एवढी वर्षं गाडी चालवतेय आणि हे उलव्याला जाऊन शिकतायत! मला विचारायला काय झालं होतं?"

"या जन्मात हात लावायचा नाही म्हणालीस."

"मग? माझं बाकी काय काय ऐकलंत ते सांगा बरं?"

सर मेथीची एक काडी उचलून निवडायला लागले. उत्तर माझ्याकडे होतं, पण मी तोंड आवरलं.

त्या संध्याकाळी निकाल लागला. नागपूरच्या दातांच्या डॉक्टरचा फोटो निवडला गेला. तिच्या आईने एका कडेवर नातू घेऊन, दुसऱ्या हाताने, आरशात न बघता कुंकू लावलं होतं, आणि ते अगदी मधोमध. फोटो चांगला होता, मी मान्य करते. सरांनी निकालाखाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'स्कूटरच्या फोटोला मी फूल किंवा काटा देऊ शकलो नाही. कारण घरचं आहे.' मावशींनी लगेच विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना?

मला मात्र निकाल बघायला सवड नव्हती. मी पार्किंगमध्ये होते, आणि आमची अर्धी सोसायटीही. ताईंनी स्कूटरचं कव्हर ओढून काढलं होतं. सरांनी खडूने फरशीवर, परीक्षेत गाडीने घालावा लागतो तो इंग्रजी आठचा आकडा काढला, दोन्ही गोल तंतोतंत सारखे. ताईंनी तो चपलेने पुसला. "आकडा बघून चालवायची नाही. जिथे जायचंय तिकडे बघायचं. गाडी आपोआप येते मागून." आणि त्या स्वतः त्या आठच्या वाटेने चालू लागल्या. सर स्कूटरवरून त्यांच्या मागे. त्या मागे वळून न पाहता ओरडत होत्या, "पाय आत! कोपर आत! आता वळतेय मी, माझ्या अंबाड्याकडे बघा!" वॉचमनने कुंड्या आधीच उचलून आत ठेवल्या होत्या.

सोमवारीही हेच. मंगळवारी सकाळी आम्ही तिघं आरटीओच्या मैदानावर गेलो, सर ताईंच्या स्कूटरला शिकाऊ पाटी लावून, ताई आणि मी मागून रिक्षाने. उलव्याची शिकवणारी तिथे आपल्या बायका घेऊन हजर होती. ताईंना पाहून ती म्हणाली, "तुमी यांच्या मिसेस? कालपर्यंत यांचा एक पण आठ झाला नाय. आज काय व्हतंय देव जाणे."

"होईल," ताई म्हणाल्या. "तू फक्त ओरडू नकोस. मी आहे त्याला."

"आवाज हाय का तुमाला?"

"बघच आता."

सरांचा नंबर आला. पहिल्या खेपेला मधल्या वळणावर पाय टेकला. आरटीओच्या साहेबांनी बोट वर करून पुन्हा एकदा करायला सांगितलं. सरांनी हेल्मेट सारखं केलं आणि आमच्या दिशेने पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं. ताई मैदानाच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त मान सावकाश डावीकडे वळवली, मग उजवीकडे, गाडीच्या पुढे पुढे जात असल्यासारखी, आणि सर त्या मानेकडे बघत आले. पाय आत होते. कोपरं जराशी बाहेर होती, पण तेवढं चालतं म्हणे. आठ पुरा झाला. साहेबांनी पुढच्याला हाक मारली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, मी महिनाभर घसा फोडला, आणि पास झालाव बायकोची मान बघून!"

सर स्कूटर ढकलत आमच्याकडे आले. चेहरा लालबुंद. त्यांना बहुतेक काहीतरी मोठं बोलायचं होतं, जिन्यात पाठ केलेलं असणार. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या पर्समधून मोबाइल काढून चांगल्या डोळ्याने नंबर शोधत होत्या.

"हॅलो, अगं उद्या येऊ नकोस," त्या बहिणीला म्हणाल्या. "नाही, नाही द्यायची गाडी. अगं डोळ्याला काय होतंय, आहे तसाच आहे. ड्रायव्हर मिळालाय. नवाच आहे, कोपरं बाहेर काढतो... नाही गं, पगार कसला, जेवूनखाऊन आहे."

मग फोन बंद करून त्यांनी पर्सची चेन लावली आणि सरांच्या मागे सीटवर बसायला गेल्या. एक पाय टाकला, थांबल्या. एवढ्या वर्षांत मागे कधी बसल्याच नव्हत्या, हात कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी त्यांनी तो सरांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला. सावकाश. आणि आधी हॉर्न वाजवा."